उजनीतला गाळ येतो कुठून? जमिनीची धूप म्हणजे काय आणि ती मोबाईलवर कशी ओळखायची

पावसाळा सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यात एक आकडा सगळ्यांच्या स्टेटसवर फिरायला लागतो: उजनी आज किती टक्के? उन्हाळ्यात हाच आकडा 'मायनस'मध्ये गेलेला असतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शंभरी पार करतो. पण या टक्केवारीत एक गोष्ट कधीच दिसत नाही. ती म्हणजे धरणाच्या तळाशी बसलेला गाळ. हा गाळ आभाळातून पडत नाही. ती कुणाच्या तरी रानातली वरची, सगळ्यात कसदार माती असते.

म्हणजे एकाच मातीचं नुकसान दोन ठिकाणी होतं. शेतात ती कमी पडते आणि नदीत, धरणात ती जास्त होते. या प्रकाराला जमिनीची धूप म्हणतात. ती कशी होते, शेताचं आणि पाण्याचं काय करते, इंजिनीअर ती कशी मोजतात आणि तुमच्या हातातल्या फोनवर ती कशी बघायची, हे सगळं या लेखात सोप्या भाषेत समजून घेऊ.

जमिनीची धूप म्हणजे नेमकं काय?

वारा किंवा पाण्यामुळे जमिनीचा वरचा थर सुटून दुसरीकडे वाहून जाणं म्हणजे धूप. आपल्याकडे मुख्य कारण पाणी. पाण्याने होणारी धूप साधारण चार टप्प्यांत दिसते.

• थेंबांचा मारा: पावसाचा मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असतो. उघड्या मातीवर तो आदळला की मातीची ढेकळं फुटतात आणि बारीक कण उडतात. सुरुवात इथून होते.
• सालकाढी धूप: फळाची साल काढावी तसा पातळ थर सगळ्या रानावरून वाहून जातो. डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणून हा प्रकार सगळ्यात फसवा.
• ओघळ: वाहणारं पाणी एकत्र येऊन बोटभर, वीतभर खोल रेषा पाडतं. कुळव फिरवला की त्या बुजतात आणि आपण विसरून जातो.
• घळ: ओघळ वर्षानुवर्षे वाढत गेला की त्यात माणूस उभा राहील एवढा खड्डा होतो. मग तिथे ट्रॅक्टर चालत नाही.

यात आणखी एक प्रकार धरायचा तो नदीकाठ तुटण्याचा. पुरात नदी काठावरची जमीनच कापून नेते. तो एका रात्रीत दिसतो, म्हणून त्याची बातमी होते. सालकाढी धुपेची बातमी होत नाही.

एकरी किती माती जाते? जरा हिशोब करू

भारतात सरासरी हेक्टरी दरवर्षी १६.३५ टन माती सुटते, असा अंदाज १९८३ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. अभ्यासाच्या पुस्तकांत तो आजही वापरला जातो. त्याच अंदाजानुसार सुटलेल्या मातीपैकी सुमारे ६१ टक्के एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन पडते, २९ टक्के समुद्रात जाते आणि १० टक्के धरणांत, तलावांत बसते.

१६ टन म्हणजे किती ते लगेच डोळ्यासमोर येत नाही. म्हणून असं बघा. एक हेक्टर रानावरचा एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे १० घनमीटर माती. एक घनमीटर माती साधारण १.३ टन धरली, तर एक मिलिमीटर म्हणजे १३ टन. म्हणजे १६.३५ टन म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वा मिलिमीटर. बँकेच्या कार्डाच्या जाडीच्या दीडपटीपेक्षा थोडं जास्त. एकराच्या भाषेत बोलायचं तर दरवर्षी साधारण दोन ट्रॉल्या माती, प्रत्येक ट्रॉलीत एक ब्रास धरून.

वर्षाला सव्वा मिलिमीटर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण आजोबांनी रान कसायला घेतल्यापासून ५० वर्षं झाली असतील तर सहा सेंटिमीटर गेले. आणि नवी माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. खर्च रोजचा आणि पगार शतकातून एकदा, असा हा हिशोब आहे.

सोलापुरात पाऊस कमी, मग धूप का होते?

हा प्रश्न खूप जण विचारतात. जिल्हा अवर्षणप्रवण, उतारही फार मोठे नाहीत. तरीही धूप होते, कारण तीन गोष्टी एकत्र येतात.

पहिली गोष्ट पावसाची. आपल्याकडे पाऊस दिवस मोजून पडतो, पण पडतो तेव्हा ठोकून पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात थोड्या तासांत खूप पाऊस होतो.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यामुळे सुरुवातीचं पाणी भेगांतून आत जातं. पण एकदा भिजली की ही चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग एकदम खाली येतो. मग सप्टेंबरचा मोठा पाऊस आत जात नाही, वरून वाहतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सोलापूर हा रब्बी ज्वारीचा जिल्हा. मालदांडी ज्वारीचं प्रसिद्ध वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलं. ही ज्वारी पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे भारी जमिनीची कितीतरी रानं जून ते सप्टेंबर मोकळी असतात. पाऊस जेव्हा सगळ्यात जोरात मारतो, नेमकं तेव्हाच जमिनीवर पिकाचं पान नसतं.

ही गोष्ट सोलापुरात आज कळलेली नाही. कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सोलापुरात १९३३ मध्ये सुरू झालं. रानातून किती पाणी आणि त्याबरोबर किती माती वाहून जाते याची पद्धतशीर मोजणी देशात ज्या ठिकाणी सर्वांत आधी सुरू झाली, त्यांत सोलापूर आहे. याच दशकात अमेरिकेत धुळीच्या वादळांनी लाखो एकर जमीन उडवली आणि १९३५ मध्ये तिथे मृदसंधारणासाठी वेगळं सरकारी खातं उभं राहिलं. आपल्याकडे १९४२ मध्ये मुंबई प्रांताने जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि त्यानंतर सोलापूर, विजापूर भागात समतल बांधांची कामं सुरू झाली. आज हे केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे.

शेताचं काय नुकसान होतं?

१. खत आधी जातं. वाहत्या पाण्यात हलके कण आधी उचलले जातात. म्हणजे बारीक चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ. नत्र, स्फुरद, पालाश यांचा मोठा भाग यांनाच चिकटलेला असतो. त्यामुळे वाहून गेलेली माती मागे राहिलेल्या मातीपेक्षा जास्त कसदार असते. तुम्ही विकत आणून टाकलेलं खतसुद्धा तिच्याबरोबर जातं.

२. पाणी साठवायची टाकी लहान होते. रब्बी ज्वारी मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. चांगल्या काळ्या मातीचा एक सेंटिमीटर थर पिकाला उपयोगी पडेल असं साधारण दीड ते दोन मिलिमीटर पाणी धरून ठेवतो. म्हणजे हेक्टरी १५ ते २० हजार लिटर. एक सेंटिमीटर माती गेली म्हणजे दर हेक्टरमागे पाण्याचे दोन टँकर कायमचे गेले असं समजा. तीन-चार फूट खोल रानात हे जाणवत नाही. पण जिथे फूटभर मातीखाली लगेच मुरूम लागतो, तिथे सहा सेंटिमीटर म्हणजे पाचवा हिस्सा. अशा रानात पाऊस आठ दिवस लांबला तरी पीक माना टाकतं, ते यामुळेच.

३. अख्खी जमीनच जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुराने करमाळा, माढा, मोहोळ भागात हे दाखवून दिलं. पीक तर गेलंच, पण नदीकाठच्या अनेक शेतांतली माती खालच्या मुरमापर्यंत खरवडून गेली. पीक गेलं तर पुढच्या हंगामात पेरता येतं. मातीच गेली तर पेरायचं कशात?

राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या मदतीत खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामं असं सांगितलं गेलं. आता यातला हिशोब बघा. एका हेक्टरवर फूटभर माती परत भरायची तर सुमारे ३,००० घनमीटर माती लागते. १० घनमीटरचा टिपर धरला तर ३०० फेऱ्या. ३ लाख रुपये पूर्ण मिळाले तरी एका फेरीला १,००० रुपये पडतात. त्यात माती शोधणं, उकरणं, भरणं, आणणं आणि पसरणं सगळं आलं. आणि इतकं करून जी माती येईल तिला रानात मुरायला, तिच्यात जीव यायला काही वर्षं जातातच.

नदी, तलाव आणि धरणाचं काय होतं?

शेतातून निघालेली माती ओढ्यात, ओढ्यातून नदीत येते. पाण्याचा वेग कमी झाला की जड कण आधी बसतात, हलके नंतर. वाळूचा कण काही सेकंदांत तळाला जातो. पण चिकणमातीच्या अतिबारीक कणाला स्थिर पाण्यात नुसतं १० सेंटिमीटर खाली यायला सुमारे आठ तास लागतात. म्हणून पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले तरी भीमेचं पाणी गढूळच दिसतं.

याचे परिणाम असे:

• उजेड आत जात नाही. गढूळ पाण्यात पाणवनस्पतींना सूर्यप्रकाश मिळत नाही. माशांच्या अंड्यांवर गाळाचा थर बसतो आणि ती गुदमरतात.
• शेवाळ आणि जलपर्णी वाढते. मातीबरोबर आलेलं स्फुरद पाण्यातल्या शेवाळाला खत म्हणून मिळतं. उजनीत पुणे परिसराचं सांडपाणीही येतं. त्यात शेतातल्या मातीची भर पडली की उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं.
• पात्र उथळ होतं. ओढ्या-नाल्यांत गाळ बसला की तेवढ्याच पावसात पाणी काठाबाहेर येतं. म्हणजे वरच्या रानातली धूप खालच्या गावात पूर वाढवते.
• पाणी शुद्ध करणं महाग पडतं. सोलापूर शहराला उजनीच्या जलवाहिनीतून, भीमेवरच्या टाकळीहून आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावातून पाणी येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार गढूळपणा १ एककापर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त ५. नदीचं पाणी जितकं गढूळ, तितकी तुरटी जास्त आणि गाळण्या तितक्या लवकर चोंदतात. विजापूर रोड, जुळे सोलापूर भागात पावसाळ्यात नळाला कधी पिवळसर पाणी आलं की आधी पाइपलाइन फुटली का असं विचारलं जातं. ते कारण असू शकतं. पण भीमेचं पाणी मुळातच किती माती घेऊन आलंय, हेही विचारायला हवं.

उजनीचं गणित: टक्केवारी काय सांगत नाही

उजनी धरण भीमा नदीवर माढा तालुक्यात आहे आणि १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. तुमच्या स्टेटसवर येणारी टक्केवारी फक्त या ५३.५७ ची असते. म्हणून मृतसाठ्याला हात लागला की आकडा उणे होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता.

गाळ धरणाच्या तळाशी, मृतसाठ्यात बसतो, त्यामुळे काळजीचं कारण नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. हे अर्धवट खरं आहे. नदी धरणाच्या फुगवट्यात शिरते तिथेच तिचा वेग कमी होतो आणि जड गाळ तिथेच, म्हणजे वरच्या टोकाला बसतो. तो भाग उपयुक्त साठ्यातला असतो. बारीक गाळ मात्र पुढे भिंतीकडे जाऊन खाली बसतो. म्हणजे गाळ दोन्ही साठे खातो.

धरणात किती पाणी आहे हे थेट मोजलं जात नाही. पाण्याची पातळी मोजतात आणि 'इतक्या पातळीला इतकं पाणी' अशा तक्त्यातून साठा काढतात. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर हा एक लुकअप टेबल आहे. खाली गाळ वाढला आणि टेबल जुनंच राहिलं, तर पातळी बरोबर असूनही उत्तर चुकीचं येणार. १०० टक्के दिसेल, पण पाणी तेवढं नसेल. म्हणून दर काही वर्षांनी गाळाचं सर्वेक्षण करून हा तक्ता सुधारावा लागतो.

उजनीत साधारण १४-१५ टीएमसी गाळ असल्याचं बातम्यांतून अनेक वर्षं येत आहे. हा आकडा किती मोठा आहे? पुण्याच्या खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा दोन टीएमसीच्या आत आहे. म्हणजे सात खडकवासला भरतील एवढी जागा मातीने घेतली.

आता उलट बाजूने बघा. उजनीचं पाणलोट क्षेत्र जवळपास १५ हजार चौरस किलोमीटर आहे. भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या नद्यांचा सगळा प्रदेश त्यात येतो. १५ टीएमसी म्हणजे साडेबेचाळीस कोटी घनमीटर. हा सगळा गाळ त्या पूर्ण क्षेत्रावर परत पसरला तर थर होईल साधारण २८ मिलिमीटरचा. फक्त इंचभर!

हिशोब ढोबळ आहे, कारण वरच्या धरणांनीही त्यांचा वाटा अडवलेला असतो. पण मुद्दा स्पष्ट आहे. रानात जी इंचभर माती कुणाच्या लक्षात आली नाही, तिने धरणात सात खडकवासल्यांची जागा घेतली.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करू. सीना नदी भीमेला उजनीच्या खाली, दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलजवळ मिळते. म्हणून सीनाकाठची माती उजनीत जात नाही. ती भीमेतून कर्नाटकात, तिथून कृष्णेत आणि पुढे जुराला, श्रीशैलम धरणांकडे जाते. आपला गाळ दुसऱ्या राज्याच्या धरणात, एवढाच फरक.

धरणातला गाळ मोजतात कसा?

दोन पद्धती आहेत.

बोटीने: बोटीवर ध्वनिलहरी सोडणारं यंत्र आणि अचूक जीपीएस असतं. ध्वनी तळाला आपटून परत यायला लागलेल्या वेळेवरून खोली कळते. बोट रेषेरेषेने फिरवून तळाचा पूर्ण नकाशा तयार होतो. ही पद्धत अचूक, पण महाग आणि वेळखाऊ. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे मेरी, अशी सर्वेक्षणं करते.

उपग्रहाने: उपग्रहाला पाण्याखालचं दिसत नाही, पण पाण्याचा पसारा दिसतो. धरण भरलेलं असताना आणि हळूहळू रिकामं होत असताना वेगवेगळ्या तारखांचे फोटो घ्यायचे. प्रत्येक तारखेची पातळी माहीत असते. त्या पातळीला पाणी किती क्षेत्रावर पसरलंय ते फोटोतून मोजायचं. दोन पातळ्यांमधलं पाणी दोन्ही क्षेत्रांवरून काढता येतं. मूळ सर्वेक्षणात त्याच पातळीला क्षेत्र जास्त होतं आणि आता कमी दिसतंय, तर मधली जागा गाळाने घेतली. मर्यादा एकच: पाणी ज्या पातळीखाली कधी उतरतच नाही, तिथला गाळ यात मोजता येत नाही.

फोटोत पाणी ओळखायला एक सोपी युक्ती वापरतात. पाणी हिरवा प्रकाश थोडा परत पाठवतं, पण डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश जवळपास सगळा गिळतं. दोन्हींतल्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की प्रत्येक पिक्सेलला एक आकडा मिळतो. तो शून्याच्या वर असेल तर बहुतेक पाणी. याला एनडीडब्ल्यूआय म्हणतात.

तुमच्या फोनवर हे कसं बघाल?

१. गूगल अर्थ टाइमलॅप्स. १९८४ पासूनचे उपग्रह फोटो वर्षावार पळवून दाखवतं. भिगवण, इंदापूर, करमाळा हा फुगवट्याचा भाग शोधा आणि काठ कसे बदलले ते बघा. लक्षात ठेवा, ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी पाणी मागे जातंच. त्यामुळे नुसता एक फोटो बघून 'गाळ वाढला' म्हणू नका.

२. कोपर्निकस ब्राउझर. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो मोफत मिळतात. एक पिक्सेल १० मीटरचा आणि साधारण पाच दिवसांनी नवा फोटो. क्रोममध्ये साइट उघडा, जागा शोधा, तारीख निवडा, ढग कमी असलेला दिवस घ्या. नैसर्गिक रंगात बघितलं तर जोरदार पावसानंतर नदीचं तपकिरी पाणी धरणात शिरताना दिसतं. यातच एनडीडब्ल्यूआयचा पर्यायही आहे. ऐन पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसलं नाही तर रडार असलेला सेंटिनेल-१ निवडा, तो ढगांच्या पलीकडचं बघतो.

३. रानाचा उतार मोजा. फोनमध्ये लेव्हल दाखवणारं ॲप असतं. सरळ फळी उताराच्या दिशेने ठेवून तिच्यावर फोन ठेवा. १ अंश म्हणजे साधारण पावणेदोन टक्के उतार, २ अंश म्हणजे साडेतीन टक्के. डोळ्यांना सपाट वाटणारं रान बऱ्याचदा दोन टक्के निघतं.

४. बाटली प्रयोग. यात ॲप लागत नाही. जोरदार पाऊस पडून गेल्यावर रानातून बाहेर पडणारं पाणी एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत भरा. दोन दिवस हलवू नका. वरचं पाणी हळूच ओता, खालचा गाळ वाळवून वजन करा. लिटरला १० ग्रॅम निघाले आणि वर्षभरात रानातून १०० मिलिमीटर पाणी वाहून गेलं असं धरलं, तर हेक्टरी १० टन माती गेली. प्रत्येक पावसात प्रमाण बदलतं, म्हणून दोन-चार वेळा करून बघा. एक काळजी घ्या: ओढ्याला पाणी चढलेलं असताना काठावर जाऊ नका.

धूप थांबवायची कशी?

धुपेचा अंदाज काढायला जगभर एक सूत्र वापरतात. अमेरिकेच्या विशमायर आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी ते १९६५ मध्ये मांडलं आणि १९७८ मध्ये सुधारलं. सूत्र साधं आहे:

धूप = पावसाचा मारा × मातीचा प्रकार × उतार × पिकाचं आच्छादन × मशागत आणि बांध

यात बेरीज नाही, गुणाकार आहे. म्हणजे पाचपैकी एक आकडा निम्मा केला तर उत्तर निम्मं होतं. पाऊस आणि माती आपल्या हातात नाही. उताराची लांबी बांधाने तोडता येते. शेवटचे दोन आकडे तर पूर्ण आपल्याच हातात आहेत.

• उताराला आडवी मशागत आणि पेरणी: उताराच्या दिशेने नांगरलं तर प्रत्येक तास म्हणजे पाण्याला तयार पाट. आडवं नांगरलं तर प्रत्येक तास छोटा बांध. या सूत्राच्या तक्त्यांनुसार कमी उताराच्या रानात एवढ्याने धूप ४० ते ५० टक्के कमी होऊ शकते. खर्च जवळपास शून्य.
• कप्पे पाडणं: रब्बीच्या रानात पावसाळ्यात छोटे चौकोनी कप्पे पाडले तर पाणी जागच्या जागी मुरतं. माती थांबते आणि ज्वारीला ओलही मिळते.
• रान झाकून ठेवणं: जमेल तिथे खरिपात मूग, उडीद अशी कमी दिवसांची पिकं किंवा हिरवळीचं खत. काहीच नाही तर आधीच्या पिकाचं धसकट, पाचट. थेंब पानावर पडला की मातीवरचा मार वाचतो.
• बांध आणि त्यावर गवत: मध्यम, हलक्या रानात समतल बांध चालतात. भारी काळ्या रानात पाणी तुंबून बांध फुटतो, म्हणून तिथे किंचित ढाळ दिलेले बांध आणि जादा पाणी सुरक्षित बाहेर काढणारी गवताची वाट लागते.
• माथा ते पायथा: आधी वरच्या माळावर सलग समतल चर, मग शेतातले बांध, शेवटी ओढ्यावर बंधारा. उलटं केलं तर बंधारा दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो.

मग धरणातला गाळच काढला तर?

छोट्या तलावांसाठी हे चांगलं काम आहे. राज्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये नव्याने सुरू झाली. २०२३ च्या निर्णयात लहान, सीमांत शेतकऱ्यांना गाळ वाहून नेण्यासाठी प्रति घनमीटर ३५.७५ रुपये, एकरी १५ हजारांपर्यंत आणि अडीच एकरांची मर्यादा असं अनुदान ठेवलं होतं. सध्याचे दर आणि अटी गावातल्या ग्रामपंचायतीत किंवा मृद व जलसंधारण विभागाकडे विचारा.

पण उजनीएवढ्या धरणाला हा उपाय पुरत नाही. साडेबेचाळीस कोटी घनमीटर गाळ १० घनमीटरच्या टिपरने काढायचा तर सव्वाचार कोटी फेऱ्या. रोज १० हजार फेऱ्या, एकही सुट्टी नाही, असं धरलं तरी साडेअकरा वर्षं. शिवाय धरणातलं काम उन्हाळ्यातच होतं आणि दर पावसाळ्यात नवा गाळ येतच राहतो. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे ते. आधी नळ बंद करायला हवा, आणि तो नळ रानात आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तलावातला गाळ कुठल्याही रानात टाकावा का?
नाही. आधी गाळाची आणि रानाची माती तपासून घ्या. हलक्या, मुरमाड रानाला गाळाचा फायदा होतो. भारी रानात आणखी चिकणमाती टाकली तर पाणी तुंबतं. गाळ खारवट असेल तर नुकसानच होतं.

ठिबक केलं की धूप थांबते का?
ठिबकमुळे सिंचनाच्या पाण्याने होणारी धूप थांबते. पावसाने होणारी थांबत नाही. दोन ओळींमधली जागा उघडी असेल तर तिथे आच्छादन लागतंच.

शहरात धूप होत नाही का?
होते. जुळे सोलापुरात मोकळ्या प्लॉटवर ओतलेला मुरूम, बांधकामाची उकरलेली माती पावसात आधी गटारीत आणि मग नाल्यात जाते. गटार तुंबून रस्त्यावर पाणी येण्याचं हे एक कारण. मातीच्या ढिगाऱ्याभोवती विटांची एक ओळ आणि वर ताडपत्री एवढं केलं तरी फरक पडतो.

शेती नाही, मग मी काय करू शकतो?
गावाकडे कुणाचं रान असेल तर फोनवर उतार मोजून द्या, पाऊस पडताना पाणी कुठून बाहेर जातं त्याचा सुरक्षित जागेवरून व्हिडिओ काढून द्या. बांध कुठे घालायचा हे ठरवायला तो व्हिडिओ कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यालाही उपयोगी पडतो.

थोडक्यात

• धूप म्हणजे रानातली कसदार माती जाणं. तीच माती पुढे नदी-धरणात गाळ होते.
• वर्षाला सव्वा मिलिमीटर दिसत नाही, पण ५० वर्षांत सहा सेंटिमीटर होतात.
• उजनीतला गाळ पाणलोटावर परत पसरला तर फक्त इंचभर थर होतो.
• धरणातून गाळ काढण्यापेक्षा रानात माती अडवणं कितीतरी स्वस्त.
• आडवी पेरणी, कप्पे आणि झाकलेलं रान, सुरुवात या तिघांनी करता येते.

पुढच्या वेळी स्टेटसवर 'उजनी १०० टक्के' आलं की आनंद जरूर करा. सोबत एक प्रश्नही विचारा: या १०० टक्क्यांत पाणी किती आणि माती किती?